रेषा २००४ वर ओढा

संपादक महोदय,

२०२२ मध्ये बेसबॉल लेखकांच्या मतपत्रिकेवर बॅरी बॉण्ड्स आणि रॉजर क्लेमेन्स दहाव्यांदा, म्हणजे शेवटच्या वेळी होते. हॉल ऑफ फेम या अमेरिकी बेसबॉलच्या सन्मान-दालनात जाण्यासाठी ७५ टक्के मते लागतात. त्यांना अनुक्रमे ६६ आणि ६५.२ टक्के मिळाली. ७६२ होमरन मारणारा फलंदाज आणि ३५४ सामने जिंकून देणारा गोलंदाज स्टेरॉइड्स (ताकद वाढवणारी औषधे) घेतल्याच्या आरोपांमुळे कूपरस्टाउनच्या, म्हणजे ते दालन असलेल्या गावाच्या, दाराबाहेरच राहिले.

असे आरोप असलेल्या सगळ्या खेळाडूंना एकाच मापाने तोलणे मला अन्यायाचे वाटते. १९९१ मध्ये बेसबॉल लीगच्या आयुक्तांनी (प्रमुखांनी) स्टेरॉइड्सवर बंदीचे पत्रक काढले, पण तपासणीच नसल्याने ते कागदावरच राहिले. २००३ ची चाचणी निनावी होती, खेळाडूंना शिक्षा लागू झाली ती २००४ पासून. म्हणून रेषा तिथे ओढावी. त्यानंतर पकडले गेलेले मॅनी रामिरेझ (२००९ मध्ये ५० सामन्यांची बंदी, २०११ मध्ये पुन्हा दोषी) किंवा २०१४ चा अख्खा हंगाम गमावलेले अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज यांना सन्मान नको. नियम ठाऊक असून त्यांनी तो मोडला.

मतदारांना सचोटी आणि चारित्र्य पाहायला सांगणारे कलम आहेच. मग त्याच काळातले आयुक्त बड सेलिग २०१७ मध्ये सन्मानाने आत कसे गेले? ज्यांच्या कारकिर्दीत हे सारे फोफावले त्यांना दालनात सन्मानाचा फलक आणि खेळाडूंना मात्र बंद दार, हे पटत नाही. बॉण्ड्स-क्लेमेन्सना आत घ्या, आणि त्यांच्यावरच्या आरोपांचा उल्लेख त्यांच्या फलकावर स्पष्ट कोरा.

– एक बेसबॉलप्रेमी वाचक