आरोग्यमंत्री साहेब, थायरॉईडच्या सगळ्या गाठींना एकच माप नको

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मागच्या वर्षी वहिनीच्या गळ्यात गाठ निघाली, म्हणजे निघाली कसली, दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली त्यात दिसली, ९ मिलिमीटर. एफएनएसीत, म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढून करतात त्या तपासणीत, पॅपिलरी नावाच्या प्रकारचा थायरॉईड कॅन्सर आला आणि कॅन्सर म्हटल्यावर घरात कोणाचं डोकं चालतंय, आठ दिवसांत अख्खा थायरॉईड काढला, वर उरल्यासुरल्या पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीनचा डोस. आता जन्मभर पहाटे उपाशीपोटी गोळी, आणि कॅल्शियम उतरलं की बोटांना मुंग्या.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं की जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये १९९३ पासून १ सेंटिमीटरच्या आतल्या कमी धोक्याच्या गाठींवर नुसती नजर ठेवतात, वाढली किंवा पसरली तर ऑपरेशन. २०१५ च्या अमेरिकन गाईडलाईनमध्येही ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ थायरॉईडच्या बाहेर पसरली नसेल तर अर्धा काढून भागू शकतं असं लिहिलंय. वहिनीला यातलं काही चाललं असतं का? कदाचित नसतंही, गाठ श्वासनलिकेला चिकटलेली असेल तर थांबत नाहीत. पण तो विषयच कोणी काढला नाही, हे डोक्यातून जात नाही.

आणि मी फक्त 'कमी करा' म्हणत नाहीये बरं का. मेड्युलरी नावाच्या दुसऱ्या प्रकारात साधारण चारातला एक पेशंट आनुवंशिक असतो, तिथे आयोडीनचा उपयोगच नाही, तिथे रेट (RET) जीनची, म्हणजे ज्यातल्या बिघाडाने हा कॅन्सर घराण्यात उतरतो त्या जीनची टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आली तर पोराबाळांचीही तपासणी हवी. ॲनाप्लास्टिक या फार वेगाने वाढणाऱ्या प्रकारात तर एकेक दिवस मोलाचा, बीरॅफ (BRAF) जीनमध्ये ठरावीक बदल असल्याचा रिपोर्ट हातात असेल तरच त्यावरच्या डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिबच्या गोळ्यांचा विचार होतो. नाव एकच, थायरॉईड कॅन्सर, पण आजार वेगवेगळ्या तऱ्हेचे.

महात्मा फुले योजनेचं कव्हर ५ लाख झालं ते चांगलंच झालं. आता नजर ठेवायच्या सोनोग्राफीचा आणि या जीन टेस्टचा खर्च पेशंटच्या खिशातून जाणार नाही एवढं बघा, आणि जिल्ह्याच्या सर्जनला ऑपरेशनआधी मोठ्या कॅन्सर सेंटरच्या ट्यूमर बोर्डाशी, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या गटाशी, व्हिडिओ कॉलवर बोलता येईल अशी सोय करा.

आणि एक बिनखर्चाचं काम. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मराठीत एक ओळ टाका: 'थांबून किंवा अर्धा थायरॉईड काढून चालेल का, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं आहे.' त्याखाली पेशंटची सही.

आपला,
एका पेशंटचा दीर