डरावांचे डबके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर हळदीसारख्या पिवळ्या, गळ्याशी दोन निळे फुगे फुगवणाऱ्या बेडकांची छायाचित्रे दरवर्षी मोबाईलवर फिरू लागतात आणि हे बेडूक विषारी आहेत, परदेशातून आले आहेत, अशी मल्लिनाथीही सोबत येते. प्रत्यक्षात ते आपल्याच शिवारातले डराव, म्हणजे मोठे भारतीय बेडूक आहेत. एरवी हिरवट-तपकिरी दिसणारा नर विणीच्या मोजक्या दिवसांत पिवळा होतो, मादीचा रंग मात्र तसाच राहतो. आणि कोरडे महिने हा बेडूक मातीत दडून काढत असल्यामुळे तो एकाएकी उगवल्यासारखा वाटतो.

विषय निघालाच आहे म्हणून पाटण तालुक्यातील आमच्या गावचे सांगतो. रस्ता रुंद करताना कडेचा मातीचा चर जाऊन सिमेंटचे गटार आले आणि भातखाचरांलगतचे, दिवाळीपर्यंत आटणारे डबके मुरूम टाकून बुजवण्यात आले. हरकत घेतली तेव्हा, कोयनेचा एवढा जलाशय असताना बेडकांना पाण्याची काय वाण, असे उत्तर मिळाले. उत्तर ऐकायला बरे असले तरी मोठ्या, बारमाही पाण्यात मासे असतात आणि ते बेडकांची अंडी व भैकेर (अंड्यातून निघालेली शेपटीवाली पिल्ले) फस्त करतात. म्हणूनच डराव पावसाने नुकत्याच भरलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो आणि ते पाणी आटण्याआधी त्याची पिल्ले बाहेर पडतात. (त्याचे स्वतःचे भैकेरही काही सोवळे नसतात, दुसऱ्या जातींचे भैकेर ते खातात.)

गटाराची गोष्ट आणखी वेगळी आहे. झाडावरच्या बेडकांसारख्या चिकट गाद्या डरावाच्या बोटांना नसल्याने उभ्या, गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यात अडकलेले बेडूक आम्ही घमेल्याने बाहेर काढत होतो.

शेतातील कीड आणि उंदराची पिल्लेही खाणाऱ्या या प्राण्याच्या तंगड्यांची निर्यात केंद्र सरकारने १९८७ साली बंद केली. ज्या पाण्यात तो वाढतो तेच बुजवले, तर त्या बंदीचा आमच्या शिवाराला काय उपयोग? बुजवलेले डबके संबंधितांनी पावसाआधी पुन्हा मोकळे करावे आणि गटाराची एक बाजू ठिकठिकाणी खडबडीत उताराची ठेवावी, एवढीच विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)