लेकीस पत्र : गाणे लागले तेव्हा शेजारी कोण होते

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या आवडीच्या गाण्यांचे व्हिडिओ तुला हवे आहेत, असे तू परवा फोनवर म्हणालीस. यादी मोठी झाली असती. पण एखादे गाणे आठवले की त्या वेळी शेजारी कोण बसले होते तेच मला आधी आठवते, म्हणून ज्यांच्यामागे माणूस उभा आहे असे तीनच निवडले आहेत.

पहिला ‘आ-हा’ या नॉर्वेच्या गटाचा ‘टेक ऑन मी’. १९८४ साली हे गाणे प्रथम निघाले तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढच्या वर्षी ते नव्याने ध्वनिमुद्रित झाले आणि स्टीव्ह बॅरन या दिग्दर्शकाच्या नव्या व्हिडिओसह जगभर पोचले. चित्रकथेतला तरुण कागदातून हात बाहेर काढतो आणि वाचणाऱ्या मुलीला आत ओढून घेतो, एवढीच त्याची कथा आहे. पण त्यासाठी आधी चित्रित केलेल्या फिल्मची एकेक चौकट समोर ठेवून तीवरून हाताने पेन्सिलीचे चित्र काढावे लागले. सुमारे ३,००० चौकटी अशा काढल्या गेल्या आणि त्याला सोळा आठवडे लागले. त्या काळी हवे ते गाणे हवे तेव्हा लावता येत नसे. कार्यक्रमात ते कधी लागेल याची वाट पाहत तुझी मावशी व्हीसीआरच्या बटणावर बोट ठेवून बसायची. एकदा ते लागले, पण तिचे बोट उशिरा दाबले गेले आणि सुरुवातीचा भाग कॅसेटवर आलाच नाही. त्यामुळे ती दोन माणसे पाना घेऊन त्या तरुणाच्या मागे का लागली आहेत हे आम्हाला कळेना. मावशीने मग स्वतःच कारण रचले : त्याने त्यांच्या चित्रकथेचे शेवटचे पान चोरले आहे, ते परत मिळाल्याशिवाय त्यांची गोष्ट संपणार नाही. ते पान कसे असेल याची चित्रे ती वह्यांच्या कोपऱ्यांत काढत असे, आणि पाने भराभर उलटली की तो तरुण पळू लागे. कितीतरी वर्षांनी मी पूर्ण व्हिडिओ पाहिला, तेव्हा सुरुवातीला मोटारसायकलींची शर्यत आहे आणि ती तो तरुण जिंकतो, हे समजले. तरीही मला मावशीचेच कारण खरे वाटते.

दुसरा शिनेड ओकॉनर या आयरिश गायिकेचा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’, १९९० सालचा. त्यात बहुतेक वेळ तिचा चेहराच दिसतो आणि शेवटाकडे डोळ्यांतून पाणी ओघळते. मी तेव्हा वसतिगृहात राहत होते आणि आईशी भांडून निघाले होते. एरवी गोंगाटाने भरलेली ती बैठकीची खोली त्या चार-पाच मिनिटांत अगदी शांत झाली. ते अश्रू खरे होते आणि ते गाताना तिला तिची दिवंगत आई आठवली होती, हे मी फार नंतर वाचले. त्या रात्री मात्र काही माहीत नसताना मी तुझ्या आजीला सहा पानी पत्र लिहिले.

तिसरा जॉनी कॅश या अमेरिकन गायकाचा ‘हर्ट’. गाणे मुळात ट्रेंट रेझ्नर या तरुण गायकाचे, १९९४ सालचे. पण मार्क रोमानेक या दिग्दर्शकाने थकलेल्या, आजारी कॅशवर ते चित्रित केले आणि शब्द तेच असूनही अर्थ पालटला. त्याच्या तरुणपणीच्या चित्रफिती, बंद पडलेले त्याचे संग्रहालय, आणि जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे पाहणारी त्याची पत्नी जून. आजी गेल्यानंतर आजोबा जवळजवळ बोलेनासे झाले होते. एका रात्री तू आतल्या खोलीत झोपली होतीस आणि मी हा व्हिडिओ पाहत होते, तेव्हा ते न बोलता शेजारी येऊन बसले. शब्द त्यांना कळत नव्हते. जिन्यावरची ती बाई दिसताच त्यांनी मला तिथे थांबवायला सांगितले आणि “या कोण?” असे विचारले. “त्यांच्या पत्नी,” मी म्हणाले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “तिला कळले आहे.” ती बाई २००३ सालच्या मे महिन्यात गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅशही गेला, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी पुन्हा लावायला सांगितले, मी लावला. आणि शेवटी कॅश पियानोचे झाकण मिटतो, तेव्हा आजोबांनी कित्येक महिन्यांनी प्रथमच आजीचे नाव घेतले व पहाटेपर्यंत तिच्याविषयी बोलत राहिले.

पहिल्या दोन व्हिडिओंचे दुवे सोबत पाठवले आहेत, ते मोठ्या पडद्यावर पाहा. तिसऱ्याचा मुद्दाम पाठवलेला नाही. पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडे येईन, तेव्हा आपण दोघी मिळून पाहू.

तुझी,
आई