शाळेचा सप्ताह रोप लावणीत नको, सुगीनंतर घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२४ साली २२ ते २८ जुलै हा ‘शिक्षण सप्ताह’ ठरवून दिला होता. नव्या शैक्षणिक धोरणाला २९ जुलैला चार वर्षे पूर्ण होणार, हे निमित्त. पहिल्या दिवशी अध्यापन साहित्य, मग पायाभूत वाचन-गणित, खेळ, संस्कृती, कौशल्य व संगणक, शनिवारी परिसर व पोषण आणि सातव्या दिवशी समाजाचा सहभाग. यादीत खोट काढण्यासारखे काही नाही. खोट तारखेत आहे. जुलैच्या शेवटी खानापूर आणि पश्चिम बेळगाव तालुक्यात भाताची रोप लावण ऐन भरात असते. कणकुंबी-जांबोटीकडे तर पावसाने शाळाच बंद ठेवायची वेळ येते. समाजाच्या सहभागाचा तो सातवा दिवस रविवारी आला होता. आई-वडील गुडघाभर चिखलात, त्यांनी हातपाय धुऊन यायचे ते फोटोत उभे राहायला?

असे सप्ताह, मेळे, ‘समुदायदत्त शाले’ (शाळा समाजाकडे) सारखे सरकारी कार्यक्रम यापुढेही येतच राहतील. आमचे म्हणणे एवढेच की आमच्या पट्ट्यात ते सुगी आटोपल्यावर, डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्यावेत. मळणी झालेली असते, घरात भात असतो, मैदान कोरडे असते आणि वार्षिक परीक्षा अजून लांब असते. त्या दिवसांत विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे बडे अधिकारी बेळगावच्या सुवर्णसौधात अडकलेले असतात, हाही एक फायदाच धरा. निपाणी-चिकोडीकडे मात्र डिसेंबर ऊसतोडीचा असतो. तिकडची तारीख तिकडच्यांनीच ठरवावी.

जुलैत ठेवायचे ते एकच काम, झाडे लावणे. तेही नीट व्हावे. खड्डा दीड फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल, आणि तो पाऊस सुरू व्हायच्या आधी मे अखेरीस काढलेला. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. वरच्या मातीत दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून ती आधी भरायची. भिंतीपासून दहा-बारा फूट लांब आणि विजेच्या तारेखाली नाही. सगळ्यात जास्त रोपे मरतात ती प्लास्टिकची पिशवी न काढता लावल्यामुळे. पाहुणे आलेले, फोटो निघतोय, पिशवी कोण फाडणार? मुळ्या आतल्या आत गुंडाळत राहतात आणि पावसाळा सरला की रोप वाळते. जे जगते त्याला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत सुट्टीत पाणी घालायला कोणी नसते. म्हणून रोप लावतानाच शेजारच्या एका घराचे नाव त्या झाडापुढे वहीत लिहावे. बुडाला बारीक भोक पाडून, त्यात कापडाची वात घालून एक मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरले तर चार-पाच दिवसांनी एकदा भरूनही भागते.

आता आमच्या मते सप्ताहाचा गाभा, म्हणजे मुलांचा बाजार. मुलांनीच माल आणायचा आणि शाळेत मांडून विकायचा. कानडी शाळांत त्याला ‘मक्कळ संते’ म्हणतात. एका दिवसात वाचन, लेखन, वजन, पैसा आणि दोन भाषा येतात असा दुसरा उपक्रम आम्हाला तरी माहीत नाही. पण तो फसतोही हमखास. चार दिवस आधी मालाची नोंद घेतली नाही तर चाळीसपैकी पंचवीस मुले भेळ घेऊन येतात. एका वस्तूची तीनच दुकाने, बाकीच्यांनी दुसरे काही, असे आधीच वाटून द्यावे. डिसेंबरात आपल्याकडे शेतातलेच किती असते! रताळी, ओला वाटाणा, मेथीच्या जुड्या, लिंबू, शेवग्याची पाने, घरचे तांदूळ. भांडवल शंभर रुपयांच्या वर नको. तळण नको, कारण गर्दीत कढईजवळ लहान मुले धावतात. पाचशे रुपयांची चिल्लर एक, दोन, पाच आणि दहाच्या नाण्यांत शाळेने आधी आणून ठेवावी. सुट्टे संपले की मुले ‘राहू द्या’ म्हणू लागतात आणि हिशेब तिथेच बुडतो.

तराजू आणाल तर आधी रिकामी पारडी बघा. एक बाजू झुकत असेल तर वर गेलेल्या पारड्यात खडा टाकून काटा मध्ये आणा. मग वस्तू आणि वजन यांची पारडी बदलून पुन्हा तोला. दोन्ही वेळा जुळले तर तराजू खरा. चौथीच्या पोराला हे स्वतः करू द्यावे, विज्ञानाच्या तासाला वेगळे शिकवायची गरज उरत नाही. पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहाव्यात. भात आणि भत्त, जोंधळा आणि जोळ, कोथिंबीर आणि कोत्तंबरी शेजारी शेजारी आले की कन्नडची धास्ती थोडी उतरते.

खरा धडा मात्र बाजार उठल्यावर सुरू होतो. समजा मुलीने वीस रुपये किलोने तीन किलो रताळी आणली, साठ रुपये गेले. तीस रुपयांनी अडीच किलो विकली, पंचाहत्तर आले. ‘नफा किती?’ विचारले की ती मुठीतले पैसे मोजून पंचाहत्तर सांगते. बहुतेक मुले हेच सांगतात. साठ वेगळे काढून बाजूला ठेवायला लावा, हातात पंधरा उरतात. मग पिशवीतली अर्धा किलो रताळी दाखवून विचारा, याचे काय? घरी नेली तर दहा रुपयांचा माल शिल्लक. इथे घाई करू नये. वहीत खरेदी, विक्री, शिल्लक असे तीन रकाने तिनेच आखावेत. आई पाठीमागे उभी राहून उत्तर सांगत असेल तर तिला प्रेमाने चहाला पाठवावे. गुरुजींनी पहिल्या अर्ध्या तासात सगळा माल विकत घेऊन टाकणे ही दुसरी चूक. दया असते ती, पण गिऱ्हाईकाशी बोलायची संधी जाते.

गणिताच्या दिवसाला बाजारातून काही आणायला नको. झाडूच्या काड्या सारख्या तोडून दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधाव्यात. बावन्नमधून सत्तावीस वजा करायचे तर पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. सात सुट्या काढायच्या, पण आहेत दोनच. मुलाने एका जुडीचे रबर स्वतः सोडले की सुट्या बारा होतात. सात काढल्या, पाच उरल्या. जुड्या चार राहिल्या होत्या, दोन काढल्या, दोन उरल्या. पंचवीस. पाटीवर ‘हातचा’ घोकणारी मुले रबर सोडायला कचरतात, जुडी मोडली तर आपण चुकलो असे त्यांना वाटते. दुसरीतला गोंधळ बहुतेक इथेच असतो.

वाचनाबद्दल एक विनंती. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत योजनेत तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द वाचता यावेत असे म्हटले आहे. पण तेवढ्यासाठी पालकांसमोर घड्याळ लावून मुलांना वाचायला उभे करू नये. अडखळलेले मूल घरी जाऊन पुस्तक उघडत नाही. त्याऐवजी मूल आणि आई-आजी अशा जोड्या बसवून दहा मिनिटे मुलाने वाचावे आणि आजीने गोष्ट परत सांगावी. आजीला अक्षरओळख नसली तरी मुलाने काय गाळले ते तिला बरोबर कळते.

तिथिभोजनात, म्हणजे गावातल्या कोणी खास दिवशी मुलांना दिलेल्या जेवणात, दाता बहुधा गोडाचे ठरवतो. सकाळी सातला आणलेला मठ्ठा आणि बासुंदी दुपारी एकला वाढली जाते, मग पोटदुखी. जेवण शाळेच्या स्वयंपाकघरातच व्हावे आणि वाढण्याआधी एक शिक्षक, एक स्वयंपाकी व एक पालक यांनी चाखावे. पहिली ते पाचवीसाठी माणशी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम असे ठरलेले प्रमाण आहे. साठ मुलांना सहा किलो तांदूळ, सव्वा किलोला थोडी कमी डाळ, तीन किलो भाजी, तीनशे ग्रॅम तेल. दात्याला सांगावे की यावर तुम्ही भाजी वाढवा, उसळ द्या, केळी द्या. नेहमीचा स्वयंपाक बंद करून लाडू वाटणे हे पोषण नव्हे.

खेळाला लगोरी, लंगडी, खो-खो पुरेत. थर्माकोलचे तक्ते पालकांकडून करवून घेणे थांबले तर बरे. संगणकाच्या दिवशी वीज असेल तेच वेळापत्रक.

शेवटचे, पण कामाचे. सूचना बहुतेक आदल्या संध्याकाळी कन्नड पत्रकाने येतात. मराठी शाळेत ते वाचून, मराठीत करून, पालकांना सांगेपर्यंत दिवस उजाडतो. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने किमान पंधरा दिवस आधी तारीख द्यावी आणि सोबत एक पानी मराठी पत्रक द्यावे. बाजाराचा माल, चिल्लर आणि तराजू जमवायला तेवढे दिवस लागतातच.

आपले,
खानापूर व बेळगाव तालुक्यांतील काही प्राथमिक शिक्षक आणि शाळा सुधारणा समितीचे सदस्य