‘सीए लिव्हर’ लिहिलं, पण कशावरून?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

मी कर्करोग नोंदणीत काम करते. रुग्णालयांच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून केसपेपर उपसायचे, हाच दिवसभराचा उद्योग.

परवा एक केसपेपर हाती आला. निदानाच्या रकान्यात ‘सीए लिव्हर’, म्हणजे यकृताचा कर्करोग, आणि खाली सही. आत सोनोग्राफीचा कागद: यकृतात गाठी. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, पत्ता नाही. शेवटच्या पानावर मात्र बारीक अक्षरात दोन वर्षांपूर्वीचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन. म्हणजे रोग बहुधा आतड्यातलाच, यकृतात नंतर पसरलेला. ते पान उलटलं नसतं, तर ही बाई यकृताच्या कर्करोगात मोजली गेली असती.

आढावा बैठकांत एकच प्रश्न येतो: बायोप्सीने पक्की झालेली निदानं किती टक्के? टक्का जास्त, तर काम चोख. मला तो शंभराला टेकला की उलट धास्ती वाटते. बायोप्सी झालेलेच रुग्ण जिथे सापडतात, त्या पॅथॉलॉजी लॅबच आपण नुसत्या फिरलो का? स्वादुपिंडाची गाठ सीटी स्कॅनवर दिसली आणि वय पाहून घरच्यांनी बायोप्सीची सुई टोचू दिली नाही, ते आजोबा कुठल्या यादीत गेले? मृत्यूच्या दाखल्यावर शोधावं, तर तिथे ‘हृदयक्रिया बंद पडून’. ती तर सगळ्यांचीच बंद पडते!

देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित, म्हणजे ठरलेल्या भागातला प्रत्येक कर्करोगरुग्ण मोजणारी, नोंदणी मुंबईची, १९६३ची. पहिली ग्रामीण नोंदणीही आपलीच, बार्शीची, १९८७ची. बार्शीच्या लोकांनी रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही, ते गावोगाव गेले.

मागणं फार नाही. दरवर्षी पूर्ण झालेल्या नोंदींतल्या काही नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडा, दुसऱ्या माणसाकडून मूळ कागदांवरून पुन्हा भरून घ्या आणि जुळलं नाही ते जिल्हावार जाहीर करा. आमच्या चुका निघतील, निघू द्या. खासगी लॅबनी अहवाल द्यावेत, यासाठी स्पष्ट आदेश काढा. कर्नाटक, पंजाबने कर्करोग कळवणं बंधनकारक केलंच आहे. आज आम्ही काउंटरवर हात जोडून उभ्या असतो. आणि बायोप्सीच्या फॉर्मवर ‘आधीचा आजार’ हा रकाना कोरा आला, तर लॅबने डॉक्टरांना फोन करावा.

त्या बाईच्या नोंदीवर मी पेन्सिलीने सी १८ हा कोड, म्हणजे मोठं आतडं, लिहून ठेवलाय. ऑपरेशनच्या वेळचा अहवाल मागितलाय. तीन खेपा झाल्या.

आपली,
एक नोंदणी कर्मचारी