सिस्टरांसाठी काय पाठवू, असं विचारलंस म्हणून

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

आजीचे दिवसकार्य आटोपून तू बंगळूरला पोचलास आणि लगेच तुझा मेसेज आला, ‘आई, तिथल्या सिस्टरांसाठी काय पाठवू?’ फोनवर सांगितलं असतं, पण मग तू त्याच मिनिटाला काहीतरी मागवून मोकळा झाला असतास. म्हणून सवडीनं लिहायला बसले.

तू आलास तेव्हा सेंटरमध्ये, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचं दुखणं हलकं करून त्यांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या त्या जागी, आजीचे शेवटचे तीन दिवस राहिले होते. त्याआधीचे एकोणीस दिवस तू पाहिले नाहीस. नोकरी सोडून येणं शक्य नव्हतं, मला माहीत आहे. तरी ते दिवस तुला सांगायला हवेत.

आजोबा १९९८ साली गेले, तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. शेवटचा महिना त्यांनी कण्हत काढला. वेदना शमवणारं, अफूपासून केलेलं मॉर्फिन कुठेच मिळेना. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यानं त्यावर इतके परवाने लादले होते की दुकानदार ते ठेवायलाच धजत नसत. कायद्यात दुरुस्ती झाली थेट २०१४ला. अशा रुग्णांसाठी आपल्या पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र १९९७लाच सुरू झालं होतं. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन तर १९८६पासूनचं. आम्हाला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. आजीनं ते सगळं पाहिलं होतं, त्यामुळे स्वतःचं दुखणं कळल्यावर ती मरणापेक्षा त्या कण्हण्यालाच भ्यायली होती.

सेंटरला नेलं त्या दिवशी मोठ्या सिस्टर तिच्या पलंगाशी अर्धा तास बसल्या. रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, ‘आजी, तुम्हाला काय आवडतं? झोप कशानं मोडते? मनात कुणाचा राग आहे का?’ मॉर्फिनचं नाव काढताच मी घाबरले, सवय लागेल म्हणाले. त्यांनी मला बाहेर नेऊन नीट समजावलं. दुखायची वाट न बघता दर चार तासांनी, मापात द्यायचं. अशा दुखण्यात असं दिलं तर व्यसन सहसा लागत नाही. बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत पोटाचं औषध. तिसऱ्या दिवशी सकाळी आजीनं आपण होऊन चहा मागितला. आल्याचा, आणि वर ‘कडक कर’ म्हणाली.

घरी मी तिला कुशीवर वळवायला धजत नव्हते. तिथे दर दोन तासांनी सिस्टर आणि मावशी येऊन वळवायच्या आणि आधी सांगायच्या, ‘आजी, कूस बदलतोय हं.’ शुद्ध हरपल्यावरही सांगायच्या. ओल्या कापसानं ओठ, जीभ, हिरड्या पुसायच्या. ती गेल्यावर स्पंज करताना सिस्टर काय म्हणाल्या, ते तूही ऐकलंस, ‘आजी, हात उचलते हं.’ तेव्हा तू बाहेर का निघून गेलास, ते मला कळलं.

गुरुवारी एक काका यायचे, बँकेतून निवृत्त झालेले स्वयंसेवक. कुणाची नखं काप, कुणाची दाढी कर, कुणाला पेपर वाचून दाखव. प्रशिक्षणात पहिलं काय शिकवतात, ते त्यांनी मला सांगितलं. ‘सगळं ठीक होईल’ असं म्हणायचं नाही. एकदा आजी त्यांच्याशी तासभर बोलली. काय बोलली, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. दोन दिवसांनी तिनंच सांगितलं. तुझ्या बाबांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, अकरा दिवसांची होऊन गेली. पन्नासहून जास्त वर्षं घरात कुणापाशी न काढलेला विषय तिनं त्या परक्या माणसापाशी काढला, कारण तो गप्प बसून ऐकू शकत होता.

काकांकडूनच कळलं, हे काम आजच्या रूपात उभं केलं ते लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे असंच सेंटर, सुरू केलं आणि २००५ मध्ये तिथेच देह ठेवला. सुरुवात नर्सच्या हातून झाली, हे मला फार बरं वाटलं.

तू कागदपत्रांसाठी गेलास तेव्हा मी आजीचा ट्रान्झिस्टर आणायला वर गेले होते. पलंगावर नवी चादर, वर दुसरी कुणी बाई, आणि त्याच सिस्टर तिला विचारत होत्या, ‘तुम्हाला काय आवडतं?’ डोळे लाल होते. दुपारचे चार वाजले होते आणि त्यांचा डबा टेबलावर तसाच बंद. त्या आठवड्यातलं ते चौथं मरण. आपण तेरा दिवस धरले. त्यांना एक तासही मिळाला नाही.

म्हणून त्यांना देवदूत म्हणू नकोस. एक तरुण सिस्टर मला म्हणाली, ‘काकू, देवदूत म्हटलं की सुट्टी मागायला जड जातं.’ मेट्रनच्या नावे एक पत्र लिही. त्यात रात्रपाळीच्या ब्रदरांचं नि बेडपॅन काढणाऱ्या मावशींचंही नाव घाल. नावं मी कळवते. पैसे द्यायचे तर एकदम न देता महिन्याला थोडे दे, आणि आधी ऑफिसात विचार. चादरी, डायपर, एअर बेड, काय कमी आहे ते तेच सांगतील.

मी स्वयंसेवक व्हायचं म्हणून विचारून आले. त्यांनी वर्षभर थांबायला सांगितलं, दुःख ताजं असताना दुसऱ्याचं ऐकणं कठीण जातं म्हणून. पटलं. तोवर चादरींच्या घड्या घालायला जाते, मंगळवारी.

मोठ्या सिस्टर निघताना म्हणाल्या होत्या, ‘आमच्याकडून बरं होऊन कुणी परत जात नाही, आणि घरच्यांना ही पायरी पुन्हा चढवत नाही.’ दिवाळीला येशील तेव्हा एक दुपार मोकळी ठेव. चार वाजता जाऊ, त्यांच्या डब्याच्या वेळी. मी आल्याचा चहा थर्मासमधून नेईन. पाया वगैरे पडू नकोस, नुसता बस त्यांच्यापाशी.

तुझी,
आई