सुटकेची नोंद तक्रारदाराला कळण्याची सोय सोलापुरात हवी

मा. संपादक,
स. न.

तुरुंगातून कोण, केव्हा आणि कोणत्या आदेशाने सुटले याची नोंद सामान्य माणसाने कुठे पाहायची, या प्रश्नाला आज सोलापुरात सरळ उत्तर मिळत नाही. अटकेच्या बाबतीत आपला कायदा पुष्कळ स्पष्ट आहे. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेची माहिती बारा तासांच्या आत पोलीस नियंत्रण कक्षाला कळवून ती तेथील फलकावर लावण्याचे बंधन घातले. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबर अहवाल (एफआयआर) चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे दर्शवण्यास सांगते. सुटका झालेल्यांसाठी असा फलक कुठेही नाही, आणि ज्यांना या माहितीची सर्वांत जास्त गरज असते त्यांना ती बहुधा गल्लीतल्या कुणाकडून तरी कळते.

महिला तक्रारदारांबरोबर काम करताना ही उणीव मला सतत जाणवते. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध फिर्याद देणारी पूर्व भागातली किंवा विडी घरकुलातली बाई दिवसभर विड्या वळून पोट भरते. तारखेला न्यायालयात जायचे तर तिची मजुरी बुडते, म्हणून जामिनाच्या सुनावणीच्या दिवशी ती बहुतेक वेळा हजर नसते. तिला आपल्या माहेरी राहायचे की घरी परतायचे, मुलांना शाळेत कुणाबरोबर पाठवायचे, हे सारे निर्णय आरोपी आत आहे की बाहेर या एकाच गोष्टीवर अवलंबून असतात. मोहोळ किंवा मंगळवेढ्याकडील बांधाच्या भांडणातून झालेल्या खुनी हल्ल्याच्या साक्षीदारालाही हेच लागू होते. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्यता दिली आणि त्यानुसार प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षणासाठी अर्ज करता येतो. पण आरोपी सुटल्याचेच ठाऊक नसेल, तर अर्ज वेळेत होणार कसा?

यावर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर सर्व काही दिसते, असे उत्तर सहज दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पक्षकाराचे नाव, गुन्हा नोंद क्रमांक किंवा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा, अक्षरे व अंक मिळून सोळा चिन्हांचा ओळख क्रमांक) टाकला, तर जामीन अर्जावर काय आदेश झाला ते दिसते आणि अनेकदा आदेशाची प्रतही वाचता येते. परंतु जामीन मंजूर होणे म्हणजे सुटका होणे नव्हे. आदेशानंतर जामीनदार उभा करायचा, त्याची ऐपत दाखवणारी कागदपत्रे द्यायची, जातमुचलका लिहून द्यायचा, मग न्यायालयातून सुटकेचे पत्र कारागृहात जायचे, आणि तेथे त्या बंद्यावर दुसऱ्या एखाद्या गुन्ह्याचे वॉरंट बाकी नाही ना हे तपासले जायचे, एवढे टप्पे मध्ये असतात. गरीब माणूस जामीन मिळूनही जामीनदाराअभावी आतच राहतो, आणि ऐपतदार माणूस संध्याकाळपर्यंत घरी पोहोचतो. आदेशाची तारीख पाहून यांपैकी काय घडले ते बाहेरच्याला ओळखता येत नाही. शिवाय शिक्षा लागल्यावर लांब मुदतीच्या बंद्यांना बहुधा येरवडा किंवा कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात हलवतात. तेथून ते संचित रजेवर (फर्लो) वा अभिवचन रजेवर (पॅरोल) गावी येतात, तेव्हा स्थानिक पोलिसांकडून चौकशी होत असली, तरी फिर्यादीला ती रजा मंजूर झाल्याचे रीतसर कळेलच असे नाही.

कारागृहाकडे ही माहिती नसते, असे मुळीच नाही. ई-प्रिझन्स या संगणक प्रणालीत प्रत्येक बंद्याचा प्रवेश आणि सुटका नोंदली जाते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांकडे जायला हवी, जामिनाची तारीख त्या प्रणालीत नोंदवायला हवी, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायला हवे. बंद्याच्या हितासाठी केलेली ही व्यवस्था अत्यंत योग्य आहे. तीच नोंद, त्याच दिवशी, फिर्यादीच्या मोबाइलवर एका संदेशाने का जाऊ नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

अमेरिकेत अनेक काउंट्यांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे, शेरीफ (पोलीस प्रमुख) आपल्या तुरुंगात आज कोण आहे याची यादी संकेतस्थळावर ठेवतात. काउंटीचा तुरुंग म्हणजे साधारणपणे खटला चालू असलेल्यांचा आणि छोट्या मुदतीच्या शिक्षेचा, आपल्या जिल्हा कारागृहासारखा. राज्यांचे आणि संघराज्याचे तुरुंग वेगळे असतात. माणूस सुटला की अनेक ठिकाणी त्याचे नाव त्या यादीतून निघते, आणि मागची नोंद हवी असल्यास त्या राज्याच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली शेरीफच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो किंवा न्यायालयाच्या लिपिकाकडून प्रकरणाचे कागद पाहावे लागतात. तीन हजारांहून अधिक काउंट्या आणि प्रत्येकीची रीत निराळी, त्यामुळे तेथेही शोध सोपा नसतो. संघराज्याच्या तुरुंगांसाठी मात्र १९८२ पासूनच्या बंद्यांचा एकच शोध उपलब्ध आहे. माझ्या दृष्टीने यादीपेक्षा महत्त्वाची ठरते ती केंटकी राज्यातल्या जेफरसन काउंटीत १९९४ साली सुरू झालेली सूचना देण्याची व्यवस्था. आदल्या वर्षी तेथे एका तरुणीचा तिच्या पूर्वीच्या मित्राने खून केला होता. तिच्यावरील अत्याचाराच्या आरोपात तो तुरुंगात होता आणि सुटल्याचे तिच्या घरच्यांना कुणीच कळवले नव्हते. त्यानंतर उभी राहिलेली ही व्यवस्था नाव नोंदवलेल्या पीडिताला आरोपी सुटताच फोनने कळवते, आणि पुढे ती तेथील बहुतेक राज्यांत पोहोचली.

त्याच देशाने या मोकळेपणाचा दुसरा परिणामही पाहिला आहे, आणि तो आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. तुरुंगात घेताना काढलेली छायाचित्रे उचलून खासगी संकेतस्थळांनी ती प्रसिद्ध केली आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागितले. कॅलिफोर्निया, जॉर्जिया अशा राज्यांना हा धंदा रोखण्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. खटला मागे घेतला गेला, माणूस निर्दोष सुटला, तरी नाव टाकताच अटकेचा फोटो समोर येत राहिला आणि नोकरी गेली. आपल्याकडे तर जिल्हा कारागृहांत शिक्षा झालेल्यांपेक्षा न्यायाधीन बंद्यांची संख्याच मोठी असते. त्यांची नावे व चेहरे जगासमोर कायमचे मांडणे हा अन्याय ठरेल. घरभाडे ठरवताना किंवा यंत्रमागावर कामगार ठेवताना मालकाने कुणाचाही तुरुंगाचा इतिहास चाळावा, अशी सोय मला नको आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले आहे आणि सुटून आलेल्या माणसालाही तो हक्क आहे.

म्हणून सर्वांसाठी खुली यादी न मागता मी एवढेच मागते की, फिर्यादी, पीडित व्यक्ती, साक्षीदार आणि बंद्याचे जवळचे नातेवाईक यांना ओळख पटवून ही माहिती मिळावी. कायद्याला ही कल्पना परकी नाही. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ अ नुसार पीडितांना जामिनाच्या सुनावणीसह न्यायालयीन कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि जामीन, सुटका व पॅरोल यांबाबत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क २०१६ पासून आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क असल्याचे सांगितले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवण्याचे बंधन पोलिसांवर आहे. इतके सगळे असताना सुटकेचा दिवसच तेवढा यातून वगळला जावा, हे पटत नाही.

सोलापुरात याची सुरुवात करायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल असे मला वाटत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने कारागृह अधीक्षक, शहर पोलीस आयुक्त आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक यांच्याशी बोलून एक साधी पद्धत ठरवावी: फिर्याद नोंदवतानाच सुटकेची सूचना हवी का हे विचारून मोबाइल क्रमांक घ्यावा, तो आरोपीच्या हाती लागणार नाही अशा स्वतंत्र नोंदीत ठेवावा, आणि सुटकेच्या दिवशी बंदी दरवाजाबाहेर पडण्यापूर्वी मराठीत संदेश पाठवावा. पूर्व भागातील अनेक बायका तेलुगू बोलतात आणि अक्कलकोटकडच्या अनेकींची भाषा कन्नड आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या भाषेत फोन करणे हाच उपाय आहे. संचित व अभिवचन रजेलाही हीच पद्धत लागू व्हावी.

तोपर्यंत वाचकांनी आपल्या प्रकरणाचा गुन्हा नोंद क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि सीएनआर क्रमांक एका कागदावर लिहून घरात ठेवावा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. तेथून जामिनाच्या आदेशाची नक्कल आणि त्यातील अटी समजून घेता येतात. फिर्यादीच्या घराकडे फिरकू नये अशी अट आदेशात असेल आणि ती मोडली गेली, तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. जिवाला धोका असल्यास कारागृहाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करताना, मागितलेली माहिती जीविताशी संबंधित असल्याचे कारणांसह स्पष्ट लिहावे, कारण कलम ७(१) नुसार अशा माहितीला तीस दिवसांऐवजी अठ्ठेचाळीस तासांची मुदत आहे.

आपली विश्वासू,
एक सामाजिक कार्यकर्ती, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)